मदत हवी आहे: माळकरी घर आणि मांजरीची वाढती पिल्लं. खायला काय द्यावं?

बांधावरची

नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. घरामागच्या कुटाराच्या (गुरांच्या सुक्या चाऱ्याच्या) खोलीत एका मांजरीने पिल्लं घातलीत. दोन पट्टेरी आणि एक पांढरं-काळं. कुटाराच्या ढिगावरून घसरत आता उंबऱ्यापर्यंत येतात, म्हणजे महिन्याच्या आसपासची धरा. आई पाजते अजून, पण दुपारभर गायब असते, आणि आली तरी तिघं लुचायला लागली की लगेच उठून जाते.

आता खरी अडचण. सासूबाई माळकरी. मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणाऱ्या. घरात अंडंसुद्धा येत नाही आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मांजरांवर माझ्यापेक्षा त्यांचाच जीव जास्त. सकाळी म्हशीच्या दुधात कळण्याची भाकरी कुस्करतात आणि वाटी खोलीत ठेवून येतात. ‘आपल्या घरच्या मांजरी पिढ्यान्‌पिढ्या यावरच वाढल्या’ असं त्यांचं म्हणणं.

पण पांढऱ्या-काळ्याला पातळ होतंय. शेपटीखाली सगळं चिकटून वाळलेलं असतं, ओल्या फडक्याने पुसावं लागतं. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तिघांना तोललं. पट्टेरी 430 आणि 410 ग्रॅम, हे 320. या वयाला किती हवं? दूध-भाकरी चालू ठेवू का? दही, पनीर, वरण यातलं काही चालतं का? आणि पुढे महिन्या-महिन्याने खाणं कसं बदलायचं? मांसाशिवाय भागत असेल तर फार बरं होईल.

तापीकाठ

ताई, आधी दूध बंद. म्हशीचं तर नकोच. पिल्लाला आईच्या दुधातली साखर पचते, पण ती ताकद अंगावरून तुटता तुटता कमी होत जाते. म्हशीच्या दुधात ही साखर भरपूर, वर स्निग्धांश. पोटात न पचलेली साखर पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. एकाला झाले, दोघांना नाही, असंही होतं. वाटीत साधं पाणी ठेवा. पसरट, उथळ ताटली हवी, खोल वाटीत ती नाक बुडवतात आणि शिंकत बसतात.

धुळ्याचा_पाव्हणा

आमनाकडे मांजरले समदं चालस! रविवारच्या मटणाचा उरलेला रस्सा आणि हाडकं दिली की आमची मांजर दोन दिवस दारातून हलत नाही. ताई, सासूबाईंना न सांगता शेजाऱ्यांकडून थोडं आणा की.

जुना_पशुधनवाला

पाव्हणे, रस्सा अजिबात नको. आपल्या काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा आणि लसूण असतो. कांदा-लसणाने मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि चारशे ग्रॅमच्या जिवाला त्रास व्हायला फार लागत नाही. भरीतही त्याच कारणाने नको, त्यात तर लसूण आणि कांद्याची पात दोन्ही. शिजलेली हाडं फुटून टोकदार होतात, घशात किंवा आतड्यात रुततात. आणि चोरून आणायची भानगड कशाला? सासूबाईंशी बोलूनच मार्ग निघेल.

ताई, मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी केली, गुरं जास्त पाहिली, पण मांजरंही खूप आली. जन्मताना पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं आणि आठवड्याला शंभरेक ग्रॅम चढतं. त्या हिशेबाने तुमची पट्टेरी बरोबर आहेत. 320 वालं मागे पडलंय, त्यात जुलाब. त्याला वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. जंत असण्याची दाट शक्यता आहे, कारण गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लात जातात. जंताचं औषध पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं झालं की सुरू करून दर पंधरा दिवसांनी देतात, पण वजनावर मात्रा ठरते, तेव्हा अंदाजाने घरी देऊ नका. सुस्त पडलं, हिरड्या कोरड्या लागल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहिली, तर त्याच दिवशी न्या. आणि माणसांची पॅरासिटामॉल चुकूनही नको. मांजरांसाठी ते विष आहे.

आता मांसाचं. सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्या घरात मांजरी जगल्या, पण त्या दूध-भाकरीवर जगल्या नाहीत. कुटारात उंदीर असतात, भिंतीवर पाली, अंगणात चिमण्या. खरं जेवण तिथे व्हायचं, वाटी म्हणजे वरचा घास. मांजरीला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं. ते तिच्या अंगात पुरेसं तयार होत नाही आणि डाळी-धान्यात जवळजवळ नसतंच. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय ताणून फुगतं. हृदयाचा हा संबंध 1987 साली कळला आणि त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. आपण गाजरातून बनवतो, मांजर बनवू शकत नाही, तिला तयारच लागतं. म्हणून वरण-भाकरी, दही, पनीर यावर पिल्लू वाढवता येत नाही. दह्याचा एखादा चमचा चाटला तर बिघडत नाही, पण तो आहार नव्हे.

नुसतं उकडलेलं चिकन हाही उपाय नव्हे, बरं का. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. महिनोन्‌महिने तेवढंच दिलं तर वाढत्या पिल्लाची हाडं मऊ होतात, उडी मारताना पाय मोडतो. उंदीर हाडांसकट खाल्ला जातो, तिथे हा हिशेब आपोआप जुळतो.

बांधावरची

काका, उंदराचा मुद्दा सासूबाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, ‘ते तिचं ती खाते, त्याचं पाप आपल्याला नाही.’ मग पाकिटातल्या खाण्याचं विचारलं. त्यात कोंबडी असते हे आधीच सांगून टाकलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘घरात शिजवायचं नाही, ओट्यावर आणायचं नाही, भांडी वेगळी, आणि ते मागच्या खोलीतच राहील.’ म्हणजे परवानगी! आता ते कसं द्यायचं ते सांगा. मी कोरडंच वाटीत ओतणार होते.

तापीकाठ

सासूबाईंना दंडवत. आमच्याकडे हे व्हायला वर्ष लागलं असतं.

कोरडं नका देऊ लगेच. पाकिटावर ‘किटन’ लिहिलेलं बघून घ्या, मोठ्या मांजरांचं नको, आणि कुत्र्याचं तर मुळीच नको, त्यात मांजरापुरतं टॉरिन नसतं. एक भाग दाणे, तीन भाग कोमट पाणी, वीसेक मिनिटं भिजवून चमच्याने पेजेसारखं घोटा. ताटलीत पसरवा आणि बोटाला लावून ओठाशी न्या. पहिले एक-दोन दिवस ती खाण्यापेक्षा त्यात चालतीलच. पाय पुसायला फडकं जवळ ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. मग दर दोन-चार दिवसांनी पाणी कमी करत जा, सात-आठ आठवड्यांपर्यंत दाणे कोरडे चावता आले पाहिजेत. आई पाजते तोवर पाजू द्या, हाकलू नका. ती उठून जाते ते बरोबरच करते, दात टोचायला लागलेत तिला.

भुसावळ_फलाट

एक गोष्ट सगळे विसरताय. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश. भिजवलेलं खाणं अर्ध्या-पाऊण तासात आंबतं. उरलेलं उचलून फेकायचं, संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही. मी उन्हाळ्यात मुख्य खाणं पहाटे आणि रात्री ठेवतो, दुपारी नुसतं पाणी आणि चिमूटभर खाणं. मुंग्यांसाठी परातीत बोटाच्या पेराएवढं पाणी घालून मधोमध ताटली. याहून जास्त पाणी नको, पिल्लं पडतात.

बांधावरची

ताटलीचं लगेच करते. पांढऱ्या-काळ्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं, जंतच निघाले, औषध दिलंय आणि पुढची तारीखही. दूध बंद केल्यावर पातळ होणंही कमी झालंय. त्याला पाजायला वेगळं काही देऊ का? गल्लीत शेळी आहे.

जुना_पशुधनवाला

शेळीच्या दुधातही साखर गाईच्या दुधाइतकीच जवळपास, लोक समजतात तेवढा फरक नाही. अडीनडीला एखादा दिवस ठीक. त्यापेक्षा मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर औषधांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते, ती डब्यावरच्या मापाने कोमट पाण्यात कालवून द्या. पालथं ठेवून, डोकं किंचित वर. बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं आणि पिल्लू न्यूमोनियाने जातं. अंग गार लागत असेल तर आधी ऊब, मग खाणं. गार पिल्लाला पचत नाही.

पुढचं वेळापत्रक विचारलं होतंत. दोन महिन्यांपासून चौथ्या महिन्यापर्यंत दिवसाला चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन वेळा, नंतर दोन. किती द्यायचं ते पाकिटावर वजनानुसार असतं, त्यावरून चालू करा आणि बरगड्या हाताला लागतात की नाही ते पाहून कमी-जास्त करा. वर्षभर पिल्लांचंच खाणं. आठव्या आठवड्याच्या सुमारास पहिली लस, तीन महिन्यांची झाली की रेबीजची.

आणि शेतात किंवा कुटारात उंदरांचं औषध टाकत असाल तर ते आताच उचला. ब्रोमॅडिओलोनची वडी खाऊन मेलेला उंदीर आईने पिल्लांना आणून दिला तर त्यांच्याही अंगात रक्तस्राव सुरू होतो. पिल्लं महिन्याची झाली की ती उंदीर आणायला लागतेच.

बांधावरची

वड्या होत्या माळ्यावर. मालकांना सांगून आजच काढायला लावते. आईला पण तेच पिल्लांचं खाणं द्यावं का? फार वाळलीय.

तापीकाठ

हो, तिला तेच द्या, हवं तेवढं खाऊ द्या. दूध पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुपटीहून जास्त लागतं. आणि पिल्लं सुटली की तिचं ऑपरेशन करून घ्या. पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबू नका. डॉक्टरांकडे पुढच्या तारखेला जाल तेव्हाच विचारून ठेवा.