वेग दुप्पट केला तर अंतर चौपट का होतं?

प्रश्न: ४५ अंशात १० मीटर प्रति सेकंदाने बॉल फेकला तर १०.२ मीटर जातो, २० ने फेकला तर डायरेक्ट ४०.८! चौपट कसं काय? सूत्रात वेगाचा वर्ग आहे ते दिसतंय, पण डोक्यात शिरत नाहीये.

उत्तर १: अरे सूत्र बाजूला ठेव आधी. वेग दुप्पट म्हणजे वर जायचा वेगही दुप्पट, मग बॉल हवेत १.४४ ऐवजी २.८९ सेकंद राहतो, आणि त्या दुप्पट वेळात तो पुढेही दुप्पट वेगाने पळतोय, म्हणून दोन गुणिले दोन चार. कोन तोच हवा पण.

उत्तर २: बरोबर, पण हे हवेचा विरोध धरला नाही तर. वेग वाढला की तो विरोधही साधारण वर्गानेच वाढतो, त्यामुळे टेबल टेनिसचा हलका बॉल कितीही जोरात मारा, चौपट विसरा. गोळाफेकीचा ७.२६ किलोचा गोळा मात्र सूत्राच्या बराच जवळ जातो, फक्त तो खांद्याच्या वरून सुटतो म्हणून ४५ पेक्षा थोडा कमी कोन ठेवला तर जास्त लांब पडतो.

प्रश्नकर्ता: म्हणजे ३० ने फेकला तर नऊपट, ९१.८ मीटर?

उत्तर १: हो, हवा नसेल तर बरोब्बर तेवढंच.