गोव्यात मोल्याच्या ट्रेकआधी दीड दिवस आहे: फोंड्याची देवळं की दिवाडी-नार्वे?

नमस्कार मंडळी,

आम्ही नऊ जण ठाण्याहून येतोय. ट्रेकचा ग्रुप रविवारी सकाळी मोल्याला जमणार, आम्ही शुक्रवारी दुपारी मडगावला उतरू. समुद्र कुणालाच नको (एकाला हवाय, पण त्याला विचारतंय कोण!).

व्हॉट्सअॅपवर यादी फिरतेय: मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, रामनाथी. सगळी फोंड्याच्या आसपास, होतीलही. पण पाचव्या देवळात चपला काढताना लक्ष देवाकडे असेल की जेवणाकडे? मला त्यापेक्षा दिवाडी-नार्व्यासारखं एखादं नांदतं जुनं गाव आणि तांबडी सुर्लचं जुनं देऊळ बघायचंय. बसने जमेल का? नऊ सॅक कुठे ठेवायच्या? आणि ट्रेकच्या हाफ पँटवर देवळात सोडतात का?

---

प्रतिसाद:

फोंड्याचाच आहे, म्हणून सांगतो. हाफ पँट सॅकमध्येच ठेवा, बाहेरून परत पाठवतात. राहायला देवस्थानच्या अग्रशाळेत (म्हणजे भक्तनिवासात) आधी फोन करून विचारा. खोली मिळाली की सॅकचा प्रश्न मिटला.

शुक्रवारी संध्याकाळी मंगेशी आणि म्हार्दोळ, बस्स. दोन्ही हाकेच्या अंतरावर. म्हार्दोळला देवळासमोरचा पितळी दीपस्तंभ सावकाश बघा.

शनिवारी लवकर जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. घरं, शेतं, खाजन (बांध घालून राखलेली खाऱ्या पाण्याकाठची जमीन) बघत बेट ओलांडा आणि दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरा. नार्व्याचा देव सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचाच. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे आला, म्हणजे तुम्ही देवाच्याच वाटेने जाल. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला, तसा शिलालेख तिथे आहे. परतताना माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ. देवकीच्या कडेवर कृष्ण, अशी मूर्ती दुसरीकडे सहसा दिसत नाही. हा देवही असाच चोडणहून आलेला.

यापुढे सवई-वेऱ्याचं कुळागर किंवा तांबडी सुर्ल, एकच निवडा. कुळागर म्हणजे कुणाच्या तरी घरचा बाग, मालकाला विचारूनच आत शिरा. मी तांबडी सुर्लच म्हणेन. मोल्याहून साधारण 13 किलोमीटर आत, बसच्या भरवशावर राहू नका, दोन्ही दिवसांसाठी गाडीच ठरवा. कदंब राजांच्या काळातलं काळ्या दगडाचं देऊळ, रानात होतं म्हणून वाचलं असं आमच्याकडे म्हणतात. आत एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलाय, तो शोधा. ऊन असेपर्यंत पोचा, आत अंधार असतो.

---

मूळ धागाकर्ता:

खूप आभार! कवळे-नागेशी-रामनाथी ग्रुपवर रद्द करून टाकलं, दोघे रुसलेत. एकच शंका: नऊ जणांची ट्रॅव्हलर फेरीत चढते का, की गाडी पुलावरून माशेलला पाठवून आम्ही दिवाडी पायी ओलांडावी?