एचबीओ उपग्रहावर गेलं तेव्हा

सी-४०२ : काका, आपल्याकडे डिसेंबर २०२० ला एचबीओ चॅनल बंद झालं. लेक विचारतेय, उपग्रहावरून पैसे घेऊन सिनेमे दाखवायला सुरुवात त्यांनीच केली का?

ए-१०१ : हो, पण सुरुवातीला उपग्रह नव्हता. ८ नोव्हेंबर १९७२ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावी ३६५ घरांत ते दिसलं. आधी आइस हॉकीचा सामना, मग सिनेमा. सिग्नल न्यूयॉर्कहून मायक्रोवेव्ह लहरींच्या मनोऱ्यांवरून यायचा.

सी-४०२ : मग देशभर कसं पोचणार?

ए-१०१ : तिथेच तर अडलं होतं. मनोऱ्याला पुढचा मनोरा दिसायला हवा, ठरावीक अंतरावर बांधतच जावं लागतं. शिवाय तेच तेच सिनेमे बघून कंटाळलेले लोक कनेक्शन सोडायचे. एचबीओचे तेव्हाचे प्रमुख जेराल्ड लेव्हिन यांनी उपग्रह भाड्याने घ्यायचा हट्ट धरला. ३० सप्टेंबर १९७५ च्या रात्री फिलिपिन्समधल्या मनिलातली अली-फ्रेझर यांची बॉक्सिंगची लढत फ्लोरिडा आणि मिसिसिपीतल्या केबलवाल्यांकडे थेट उतरली. माझ्या मते चॅनलचा खरा जन्म त्या रात्रीचा. ३६ हजार किलोमीटरवरचा उपग्रह एका जागी स्थिर दिसतो, त्यामुळे डिश असेल त्या केबलवाल्याला सिग्नल मिळतो, गाव कुठलंही असो.

बी-२०३ : छोट्या केबलवाल्याला डिश परवडायची?

ए-१०१ : नाही ना ताई! आधी दहा मीटर व्यासाची लागायची. १९७६ च्या अखेरीस साडेचार मीटरच्या डिशला परवानगी मिळाली, तेव्हा कुठे लहान गावं आली.

बी-२०३ : पण १९७५ मध्येच आपणही काय केलं ते लेकीला जरूर सांगा. १ ऑगस्ट १९७५ ला, म्हणजे त्या लढतीच्या दोन महिने आधी, उपग्रहावरून गावोगावी टीव्ही दाखवायचा 'साइट' प्रयोग सुरू झाला. उपग्रह नासाचा, कार्यक्रम आपले. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम फुकट दिसायचे, तेही कोंबडीच्या जाळीच्या तीन मीटरच्या डिशवर. महाराष्ट्र त्यात नव्हता, याची मला आजही हळहळ वाटते. मला तर आपलं काम जास्त मोठं वाटतं.

ए-१०१ : अगदी मान्य. तिकडे डिश केबलवाल्याच्या आवारात होती, आपली थेट गावात.

सी-४०२ : मग तिकडे घरी डिश लावून कोणी फुकट बघत नव्हतं?

ए-१०१ : भरपूर लोक बघायचे. म्हणून जानेवारी १९८६ पासून सिग्नल पूर्णवेळ स्क्रॅम्बल केला, म्हणजे पैसे न भरणाऱ्याला चित्र दिसू नये असा विस्कटला. डिश विकणाऱ्यांचा धंदा बसला. त्यांतल्याच फ्लोरिडाच्या एकाने एप्रिलमध्ये, उपग्रहाकडे सिग्नल पाठवणाऱ्या केंद्रावर रात्रपाळीची नोकरी करताना, एचबीओच्या चालू सिनेमावर 'कॅप्टन मिडनाइट' या नावाने निषेध झळकवला : महिना १२.९५ डॉलर देणार नाही. पुढे पकडला गेला, ५ हजार डॉलर दंड झाला.