इजिप्तची गटसहल: आठ दिवसांत प्राचीन स्थळे नीट पाहून होतात का?

पुरातनप्रेमी

नमस्कार. येत्या हिवाळ्यात एका टूर कंपनीबरोबर इजिप्तला जाण्याचा माझा आणि पत्नीचा विचार आहे. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले आहोत, पत्नीचे गुडघे जिना चढता-उतरताना दुखतात, आणि मी बरीच वर्षे शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे ही सहल नुसती छायाचित्रे काढून उरकावी असे मला वाटत नाही. कार्यक्रम आठ दिवसांचा आहे: कैरो आणि गिझा, एका दिवसात जाऊन-येऊन अलेक्झांड्रिया, विमानाने अस्वान, तेथून पहाटे अबू सिंबेल, मग लक्सरपर्यंत क्रूझ आणि कैरोमार्गे परत. एवढ्या धावपळीत स्थळे खरोखर समजून घेता येतात का? पिरॅमिडच्या आत आणि राजांच्या थडग्यांत उतरणे पत्नीला झेपेल का? ज्यांनी अशी सहल केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नाईलकाठ

आपल्या कार्यक्रमात मला खटकते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे अलेक्झांड्रियाचा दिवस. कैरोपासून ते शहर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे जाण्यायेण्यातच पाच-सहा तास जातात आणि हाती लागते ते समुद्रकिनाऱ्याचे धावते दर्शन. याउलट कैरोहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या सक्काऱ्याचा कार्यक्रमात उल्लेखच नाही. इतिहासाच्या शिक्षकाने सक्कारा चुकवावे हे मनाला पटत नाही. जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड तेथे आहे. तो गिझाच्या खुफूच्या पिरॅमिडहून सुमारे शतकभर जुना असून त्याच्या रचनेचे श्रेय राजाचा मंत्री इम्होतेप याला दिले जाते. सक्काऱ्याच्याच परिसरात ‘ती’ (Ti) नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे. तिच्या भिंतीवर गुरे पाण्यातून पलीकडे नेण्याचे एक उठावशिल्प आहे, ज्यात एका गुराख्याने वासरू पाठीवर घेतले आहे आणि ते वासरू मान मागे वळवून आपल्या आईकडे पाहत हंबरत आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने ते वासरू किती जवळून पाहिले असेल, हे त्या भिंतीसमोर उभे राहिल्यावरच कळते. ही कबर उघडी आहे का, याची मात्र आधी चौकशी करावी, कारण तेथील कबरी आलटून पालटून बंद ठेवतात.

दगडफूल

गुडघ्यांबद्दल लिहितो. खुफूच्या पिरॅमिडमध्ये वर चढणारी वाट इतकी बुटकी आहे की बराच वेळ कमरेतून वाकून, जवळजवळ ओणवे चालावे लागते. पुढची दालनवाट उंच आहे, पण तीही चढाची आहे आणि आत हवा कोंदट असते. वर पोहोचल्यावर राजाच्या दालनात ग्रॅनाइटच्या कोऱ्या भिंती आणि एक रिकामी शवपेटी एवढेच आहे. पत्नीने ते टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी सक्काऱ्याच्या उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये जावे. तेथेही थोडे वाकावे लागते, परंतु वाट पुष्कळ आखूड आहे आणि आतल्या भिंती चित्रलिपीच्या ओळींनी भरलेल्या आहेत. पिरॅमिडमध्ये कोरलेले हे सर्वांत जुने ज्ञात धार्मिक पाठ आहेत.

लक्सरच्या राजांच्या दरीत सर्वसाधारण तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतनखामुन, पहिला सेती आणि सहावा रामसेस यांच्या थडग्यांना वेगळे तिकीट पडते. हॉवर्ड कार्टरने 1922 मध्ये शोधलेले तुतनखामुनचे थडगे प्रसिद्ध असले तरी आकाराने लहान आहे. सहाव्या रामसेसच्या थडग्यात मात्र छतावर आकाशदेवी नुटचे दुहेरी चित्र आहे: ती संध्याकाळी सूर्याला गिळते आणि पहाटे त्याला जन्म देते. तेथे उतार असला तरी वाट रुंद आहे, सावकाश गेल्यास जमते. गाईडला थडग्यांच्या आत व्याख्यान देण्याची परवानगी नसते, तो बाहेरच सगळे समजावून सांगतो. म्हणून आत काय पाहायचे हे आधी वाचून गेलात तर फार उपयोग होतो. पुष्कळ ठिकाणी तिकीट खिडकीवर रोख रक्कम घेत नाहीत, त्यामुळे परदेशात चालणारे कार्ड जवळ ठेवावे.

मुशाफिर_नागपूर

वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण गटसहलीवर फुली मारण्याचे कारण नाही. अस्वानहून अबू सिंबेल पावणेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पहाटे चारच्या सुमारास निघून वाळवंटातून तेथे जाणे आणि दुपारी परतणे, यात वाहन, न्याहारीचे डबे आणि तिकिटे यांची काळजी दुसऱ्याने घेतली तर या वयात मोठा आधार वाटतो. शिवाय अबू सिंबेलची डोंगरात कोरलेली मंदिरे नुसती पाहायची नाहीत. अस्वानच्या उंच धरणाच्या जलाशयात ती बुडू नयेत म्हणून युनेस्कोच्या पुढाकाराने 1964 ते 1968 या काळात ती ठोकळ्या-ठोकळ्यांत कापून, दुसऱ्या रामसेसच्या प्रचंड मूर्तींसह, सुमारे 65 मीटर वर नेऊन पुन्हा रचली गेली. चांगला गाईड हे उभ्याउभ्या दाखवून देतो.

खरी अडचण दुकानांची असते. आमच्या सहलीत पपायरस, अत्तर आणि अलाबास्टर यांच्या दुकानांत इतका वेळ गेला की लक्सरच्या कर्नाक मंदिरातील 134 स्तंभांच्या दालनात आम्हाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली, आणि ही बाब मला आजही सलते. पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी मागा: प्रत्येक स्थळी किती वेळ थांबणार, आणि दुकानांचे थांबे किती.

पुरातनप्रेमी

सर्वांचे मनापासून आभार. कंपनीला विचारले असता अलेक्झांड्रिया वगळता येणार नाही असे त्यांनी कळवले. गिझाच्या नव्या मोठ्या संग्रहालयासाठी (ग्रँड इजिप्शियन म्युझियम) त्यांनी दोन तास ठेवले आहेत. ते पुरतील का? राजांच्या ममीही तेथेच आहेत ना?

नाईलकाठ

गिझाजवळचे ते संग्रहालय 1 नोव्हेंबर 2025 रोजी अधिकृतपणे खुले झाले आणि तुतनखामुनच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू तेथे एकत्र मांडल्या आहेत. दोन तास त्या एका दालनालाही अपुरे आहेत. ममी मात्र तेथे नाहीत. दुसऱ्या रामसेससह त्या 3 एप्रिल 2021 रोजी मिरवणुकीने कैरोतील फुस्तात भागातल्या राष्ट्रीय सभ्यता संग्रहालयात हलवण्यात आल्या.

गटाची हॉटेले आणि बस आधीच ठरलेली असल्यामुळे कंपनी एका कुटुंबासाठी कार्यक्रम बदलणार नाही, हे समजण्यासारखे आहे. तेव्हा शक्य असल्यास गटाच्या दोन दिवस आधी कैरोला पोहोचा. पहिल्या दिवशी परवानाधारक गाईड आणि गाडी ठरवून सकाळी लवकर सक्कारा पाहा आणि दुपारी विश्रांती घ्या. दुसरा दिवस दोन्ही संग्रहालयांसाठी मोकळा ठेवा. मोठ्या संग्रहालयाचे वेळेनुसार मिळणारे तिकीट आधीच ऑनलाइन काढा. व्हिसाचा अर्ज भरताना या वाढीव दिवसांच्या तारखा आणि हॉटेलचे आरक्षण त्यात दाखवायला विसरू नका, आणि विमानाचे तिकीट गटापेक्षा वेगळे हवे हे कंपनीला आजच कळवा.