अंधांची पेन्शन: कालच्या पोस्टला उत्तर

ऐरोलीकर: काल नानांनी लिहिलं की अंधांना महिन्याला अडीच हजार फुकट दिले की हातपाय हलवायची सवय जाते, त्यापेक्षा नोकऱ्या द्या. वाचून डोकंच फिरलं. अहो, ही पेन्शन संजय गांधी निराधार योजनेतली, तिला दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची अट ५० हजारांची आहे, मग ज्याच्याकडे खरंच काही नाही त्यालाच मिळते ना? माझा भाऊ जन्मांध, बी.ए. झालाय, सरकारी भरतीत अंध-अल्पदृष्टींना १ टक्का आरक्षण आहे म्हणून चार वर्षं फॉर्म भरतोय. कॉम्प्युटर क्लासला जायचं तर रस्त्यातले पेव्हर ब्लॉक उखडलेत, काठी अडकते, मग रिक्षा. मिनिमम २६, जाऊन-येऊन ५२, पंचवीस दिवसांचे १३००. निम्मी पेन्शन तिथेच गेली!

कळव्याचे नाना: आळशी हा शब्द मी वापरलेला नाही. आमच्या चाळीत एक अंध मुलगा आहे, त्याची पेन्शन काका काढतो, एटीएम कार्ड काकाकडे, पोराला चहा प्यायचा तरी हात पसरावा लागतो. अशा पेन्शनने कोण स्वावलंबी झालं?

सानपाड्याची ताई: मग चूक पेन्शनची की काकाची? मी स्वतः पूर्ण अंध आहे, मोबाईल वाचून दाखवतो त्यावर हे लिहितेय. खातं उघडायला गेले तर काउंटरवरची बाई माझ्याशी बोलेचना, सोबतच्या वहिनीलाच विचारते, "ह्यांना सही जमते का?" रिझर्व्ह बँकेने २००८ लाच सांगितलंय, चेकबुक, एटीएम सगळं द्यायचं म्हणून. आणि ते मोबाईलवरचं केवायसी, "डोळे मिचकवा"! माझ्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत, सात वेळा केलं, सातही वेळा फेल. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये दुसरा पर्याय द्या सांगितलं, तोवर माझे सहा महिने गेले.

ठाणेकर७२: बँकेचं सोडा, नोटांचं बोला. बाबा जांभळी नाक्याला अगरबत्ती विकायचे, त्यांना दिसत नव्हतं. जुन्या नोटा बोटाने बरोबर ओळखायचे. नव्या २०० आणि ५०० मध्ये फक्त ४ मिलिमीटरचा फरक, गर्दीत काय मोजणार? कॅमेऱ्याने नोट ओळखून सांगणारं रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) ॲप आहे, पण गिऱ्हाईक उभं असताना कॅमेरा धरत बसायचं का?

कळव्याचे नाना: बरं, बँकेचं मान्य. पेन्शनबद्दल माझं मत तेच आहे.

ऐरोलीकर: मत ठेवा, आधी काकाकडून कार्ड सोडवून द्या.

कळव्याचे नाना: भांडण होणार, पण रविवारी जातो.

सानपाड्याची ताई: पोराला सोबत न्या नाना. बोलणारं एटीएम बघा, हेडफोन घ्या. ५ च्या बटणावर ठिपका असतो, तो सापडला की बाकीचे सापडतात. पिन त्यालाच टाकू द्या.