३६० रॅड आणि डी५ पंपासाठी तीन आठवड्यांपुरतं माउंट कसं करावं? सल्ला हवा

वऱ्हाडी_बिल्डर

पीसीला वॉटर कूलिंग (पाण्याने थंड करणं) बसवतोय, पण सध्याच्या कॅबिनेटमध्ये ३६० चा रॅड (१२० मिमीचे तीन पंखे बसतील असा रेडिएटर) कुठेच बसत नाही. नवं कॅबिनेट यायला तीन आठवडे आहेत, बाकी सामान हातात आहे: ३० मिमी जाडीचा ३६० रॅड, १२० चे तीन पंखे, डी५ पंप आणि त्यावर ६० मिमी व्यासाची अ‍ॅक्रिलिकची टाकी, १०/१६ ची (आतून १०, बाहेरून १६ मिमी) मऊ नळी. तोवर रॅड कॅबिनेटच्या मागे बाहेरून टांगायचा विचार आहे. झिप टाय पुरतील की डबल टेप लावू? पंप-टाकी कॅबिनेटच्या तळाशी नुसती ठेवली तर चालेल? कॅबिनेटला नवी भोकं पाडायची नाहीत. अकोल्यात हार्डवेअरच्या दुकानात मिळेल असंच सुचवा.

तांब्याचा_ब्लॉक

टांगूच नका. रॅड, पंखे आणि आतलं पाणी मिळून पावणेदोन ते दोन किलो होतात. तात्पुरत्या माउंटमध्ये वजन नेहमी खालून पेलायचं. पट्टा, टाय, टेप यांनी फक्त पडू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. कॅबिनेटशेजारी एका फळीवर सगळं उभं करा, साइड पॅनेल तीन आठवडे काढून ठेवा.

फळी १२ मिमी प्लायची, ५० × २५ सेंमी. अ‍ॅल्युमिनियमचा एल अँगल २० × २० मिमी, दीड मिमी जाड, ४० सेंमी लांब. दुकानात अख्खी बारा फुटी लांबी घ्यावी लागेल, त्यापेक्षा स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे जा, असा तुकडा त्याच्याकडे पडलेला असतो.

रॅड लांब कडेवर आडवा उभा करा, म्हणजे उंची १२ सेंमीच राहते आणि कलंडत नाही. त्याच्याखाली ३ मिमी रबराची पट्टी. पंखे एका बाजूला, अँगल दुसऱ्या बाजूला. अँगलची उभी बाजू रॅडच्या खालच्या ओळीतल्या भोकांना, आडवी बाजू फळीला.

एका पंख्याची भोकं १०५ मिमीवर असतात. दोन पंख्यांमधलं अंतर बऱ्याच रॅडवर १५ मिमी असतं, पण काहींवर २० किंवा २५ सुद्धा. म्हणून पुस्तकी मापावर ड्रिल करू नका. रॅड रबरावर ठेवा, अँगल टेकवा, पेन्सिलीने खूण करा, मग ड्रिल. भोकं गोल कानशीने उभी लांबट करा, मिलिमीटरभर चूक निभावते. ड्रिलिंग आणि कानस पीसीपासून लांब करा, अ‍ॅल्युमिनियमचा एक कण मदरबोर्डवर शॉर्ट करायला पुरेसा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रू. २५ मिमीच्या पंख्याला ३० मिमीचा स्क्रू देतात, म्हणजे रॅडमध्ये जातात ५ मिमी. तोच ३० चा स्क्रू पंख्याशिवाय पिळला तर थेट पाण्याच्या चॅनलमध्ये घुसतो आणि रॅड गेला. तुमच्या दीड मिमी अँगलला वॉशरसकट ६ मिमीचा स्क्रू घ्या. आटे एम३, एम४ किंवा ६-३२ (अमेरिकन माप) यांपैकी काहीही असू शकतात. रॅडबरोबर आलेला स्क्रू दुकानात नेऊन जुळवा.

डी५_प्रेमी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. पंपाचं सांगतो.

नुसता ठेवू नका. चालू झाल्यावर सरकतो आणि कॅबिनेटच्या पत्र्याला घुमवतो. योगा मॅटचे दोन थर कापून खाली घाला. डी५ ला हे चालतं, कारण त्याची उष्णता मुख्यतः पाण्यातच जाते. डीडीसी (दुसऱ्या प्रकारचा) पंप असता तर मॅट नको म्हटलं असतं, त्याच्या बुडाला हवा लागते.

टाकीसाठी शेतीच्या ६३ मिमी पीव्हीसी पाइपची सॅडल क्लॅम्प आणा. टाकी ६० ची, म्हणजे दीड मिमी जाडीचं रबर आत गुंडाळलं की बरोबर बसते. फळीवर प्लायचा उभा ठोकळा खालून स्क्रूने पक्का करा, क्लॅम्प त्याला. टाकी बोटांनी जेमतेम फिरेल इतपतच आवळा, जास्त आवळली तर अ‍ॅक्रिलिक तडकतं. टाकीला फेविक्विक, थ्रेडलॉकर (स्क्रू घट्ट बसवायचा गोंद), आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), स्पिरिट काहीही लावू नका. अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या बारीक चिरा पडतात, तिथूनच पुढे गळती. पुसायला साबणाचं पाणी.

टेपबद्दल: व्हीएचबी (३एम कंपनीची जाड डबल टेप) चांगली आहे, पण कंपनीच्याच हिशेबाने किलोमागे साधारण ५७ चौ. सेंमी लागते. दोन किलोला २५ मिमी रुंदीची सुमारे ४५ सेंमी, आणि पूर्ण पकड यायला ७२ तास. रॅडच्या अरुंद कडेवर तेवढी सपाट जागा सापडत नाही. झिप टाय (४.८ मिमी) नळ्या बांधायला वापरा. नळी फिटिंगपासून वीतभर अंतरावर फळीला सैलसर बांधा, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी ओढ फिटिंगवर येत नाही.

टाकीतली पाण्याची पातळी रॅडच्या वर हवी. पंप टाकीखालीच असल्यामुळे तो कोरडा राहणार नाही, तरी भरताना टाकी रिकामी होण्याआधी बंद करा. डी५ चं बेअरिंग पाण्यावरच चालतं.

वऱ्हाडी_बिल्डर

धन्यवाद, फळीवरच करतो. ठोकळ्याऐवजी मित्राकडून ब्रॅकेट थ्रीडी प्रिंट करून घेतलं तर? त्याच्याकडे पीएलए (प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) आहे. खोली उन्हाळ्यात ४० पर्यंत जाते.

तांब्याचा_ब्लॉक

पीएलए नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि सतत भार असेल तर त्याआधीच हळूहळू वाकतं. ४० च्या खोलीत लोडवर पाणी सहज ५० च्या पुढे जातं. पीईटीजी (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) चालेल. प्लायचा ठोकळा त्याहून बरा.

गळतीशत्रू

दोन गोष्टी राहिल्या. रॅडच्या दोन्ही नळ्यांवर क्विक डिस्कनेक्ट (पाणी न सांडता सुटणारे जोड) घाला, नवं कॅबिनेट आल्यावर सगळं पाणी काढावं लागणार नाही.

आणि फळी जागेवर ठेवल्यानंतरच गळती तपासा, आधी तपासून मग हलवलं तर तपासणी वाया. गेज असलेल्या हातपंपाने लूपमध्ये (पाणी फिरतं त्या सगळ्या नळ्या-भागांत) अर्धा बार हवा भरा, त्याहून जास्त नको. अर्धा तास काटा हलता कामा नये. मग पाणी भरा, एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) २४ पिनला तयार जंपर लावा, म्हणजे तो मदरबोर्डशिवाय चालू होतो, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या केबली काढून फक्त पंप चालवा. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू. हवा काढताना फळीची पोर्टकडची (रॅडला नळ्या जोडतात ती) बाजू दोन-तीन इंच उचलून धरा, रॅडमधला बुडबुडा टाकीत येतो. टिश्यू रात्रभर कोरडे राहिले तर सकाळी बाकीच्या केबली जोडा.