ऊसतोड टोळीवाल्यांबद्दल गावच्या ग्रुपवर जे चालतं त्याला उत्तर काय द्यायचं?

वारणाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, ऊस गावाकडे, भाऊ बघतो. दरवर्षी हंगाम सुरू झाला की गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तेच ते, बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या, त्यांच्या कोप्या (झोपड्या) पडल्या की लगेच 'ह्यांना पोरं शिकवायचीच नसतात, चौदा-पंधराच्या पोरी उजवतात, उचल (आगाऊ पैसे) घेऊन पळतात'. परवा एकाने कोपीसमोर चुलीला जाळ घालणाऱ्या पोरीचा फोटो टाकला, कडेवर धाकटं भावंड, आणि खाली 'आईबापाला लाज नाही'. त्यावर भराभर अंगठे. नुसतं 'असं बोलू नका' म्हटलं की 'आला पुण्याचा शहाणा' होणार. शिवाय सगळंच खोटं पण नाहीये ना, लग्नं लवकर होतात हे खरंच आहे. मग बोलायचं काय तिथे?

ऊसवाला_शिरोळ:
भावा, तिकडं बसून कळवळा सोपा आहे. गेल्या साली मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, उचल दिली, टोळी आलीच नाही, फोन बंद, ट्रॅक्टरचे हप्ते माझ्या बोकांडी. आलेली टोळी एकरावर खुशाली (वरचे पैसे) मागते, ड्रायव्हरची एंट्री (त्याचे वरचे पैसे) वेगळी, नाही म्हटलं की उसाचा फड पेटवून तोडतात आणि जळीत म्हणून कपात आमच्या बिलात. आम्हाला कोण समजून घेणार? फोटो टाकणं मात्र चूक, त्याबद्दल वाद नाही.

पाटोदेकर:
मी कोपीतच वाढलोय, आता पिंपरीत कंपनीत आहे, म्हणून जरा लांब लिहितो. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचल पण अर्धी. जोडीची उचल लाखाच्या आसपास, कधी जास्त, आणि ती दसऱ्याच्या आधीच दवाखाना, बियाणं, जुनं देणं ह्यात गेलेली असते, मग फेडायची टनावर. जानेवारी २०२४ ला ३४ टक्के वाढ मिळाली तेव्हा कुठे तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरनं ३६६ झाला. दोघं मिळून दिवसाला दोनेक टन. ग्रुपवर हा गुणाकार करून बघायला सांगा. त्यात एक दिवस खाडा पडला की दंड, आणि ताप असो, पाळी असो, खाडा तो खाडाच. रात्री अडीच-तीनला गाडी भरायला लागली की आई मोळी डोक्यावर घेऊन त्या अरुंद फळीवरनं ट्रॉलीत चढायची, दव पडून फळी निसरडी झालेली असायची, आणि सकाळी परत फडात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ह्यांनाही लाज नव्हती का विचारा त्या फोटोवाल्याला.

आता लग्नाचं. पोरगी गावी म्हाताऱ्यांजवळ ठेवली तर पाच-सहा महिने आईचा जीव टांगणीला, सोबत आणली तर फडावर संडास नाही, अंधारात उसात जायचं, आजूबाजूला सगळे परके गडी. बाप म्हणतो एकदा उजवली की सुटलो, आणि मुलाकडच्यांचा कोयता पुरा होतो. हे बरोबर आहे असं मी अजिबात म्हणत नाही, माझ्या चुलत बहिणीचं असंच केलं, काकाशी मी वर्षभर बोललो नव्हतो. पण काका हौसेनं करत नव्हता हे पण मला माहितीये.

@ऊसवाला, तुमची उचल बुडाली त्याचा राग रास्तच आहे, पण तो मुकादम आमच्याही बिलातनं खातो हो. हिशोबाची वही त्याच्याकडेच असते, आमच्या बाबांना कधी बघायलाही मिळाली नाही.

ऊसवाला_शिरोळ:
वहीचं खरंय, आम्हालाही दाखवत नाही. बाकी खुशालीवर मी ठाम आहे.

झेडपीच्या_बाई:
आमच्या शाळेशेजारीच कोप्या पडतात. अनुभवाने सांगते, 'पोरीला शाळेत का घालत नाही' असं विचारलं की आई मान खाली घालते आणि संपलं. 'गाडी कधी येते भरायला' असं विचारलं की बसते, चहा टाकते, बोलते. मग कळतं की पोरगी धाकट्याला सांभाळायला मागे राहते. आम्ही धाकट्यालाही वर्गात बसू दिलं. गोंधळ होतो, तो खडू खातो, एकदा हजेरीपत्रकच ओलं केलं, पण पोरगी येते! गावाकडे हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, पण निघताना ते हातात पडलं तर उपयोग. आणि हो, तो फोटो आधी ग्रुपवरनं काढून टाकायला लावा, अल्पवयीन मुलगी आहे ती.

वारणाकाठचा:
फोटो काढून टाकलाय, ॲडमिनला सरळ फोनच केला. टनाचा हिशोब पण टाकला. एकाने विचारलं दोन टनाला अख्खा दिवस लागतो होय, तर भावाने लिहिलं 'उद्या ये फडात, कोयता देतो', तो अजून आला नाही 😄. खुशालीचा विषय काढला तिथे मात्र अख्खं गाव ऊसवाल्यांच्या बाजूने, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाई, भावाच्या फडावर तीन पोरं आहेत शाळेच्या वयाची, कार्ड कोणाकडेच नाही. बसवून घेतील का?

झेडपीच्या_बाई:
घ्यायलाच लागतं. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. मुख्याध्यापक का कू करायला लागले तर केंद्रप्रमुखांना फोन लावा. पोरांना एकटं धाडू नका, पहिल्या दिवशी भावाला सोबत जाऊ द्या.